माडाचा व्रण

मराठीत जखम भरते. ती भरून येते, सुकते, तिच्यावर खपली धरते, कालांतराने ती दिसेनाशी होते. ही सारी शब्दकळा माणसाच्या कातडीवरून आलेली आहे हे उघड आहे. पण आपण ती फार सहजपणे झाडांनाही लावतो. आंबा, फणस, चिंच यांच्या बाबतीत ती बऱ्यापैकी चालूनही जाते. आंब्याची फांदी तोडली की त्या जागेच्या कडेने सालीचा एक जाड ओठ फुटतो, तो वर्षागणिक थोडाथोडा आत सरकतो आणि बऱ्याच वर्षांनी मिटलेल्या डोळ्यासारखी एक गाठ तेवढी उरते. (काटेकोर बोलायचे तर आंब्याची जखमही बरी होत नाही. इजा झालेले लाकूड पूर्ववत होत नसते. झाड त्याच्याभोवती कुंपण घालते आणि वर नवे लाकूड चढवून ते आत पुरून टाकते. पण बाहेरून पाहणाऱ्याने त्याला ‘जखम भरली’ म्हणायला हरकत नसावी.)

माडाच्या बाबतीत मात्र यांपैकी एकही क्रियापद उपयोगी पडत नाही. माडाच्या खोडाला बसलेला घाव भरत नाही, मिटत नाही, झाकलाही जात नाही. ज्या दिवशी तो बसला त्या दिवशी जेवढा होता तेवढा तो, फार तर, राहतो. त्याहून लहान होणे त्याच्या नशिबी नसते. कोकणात ज्यांचे बालपण गेले आहे त्यांनी कपडे वाळत घालण्याची तार बांधायला माडात ठोकलेले खिळे पाहिले असतील. खिळा गंजून पडून जातो, तार केव्हाच नाहीशी होते, ती ठोकणारे माणूसही जाते. भोक तसेच असते. लहानपणी आम्ही त्या भोकांत काड्या खुपसत असू. आजही गेले तर त्या भोकांत काडी जाते.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे, कारण माडाच्या जखमेवर काय करावे आणि (त्याहून महत्त्वाचे) काय करू नये हे सारे त्या कारणातूनच निघते. आंब्याच्या सालीखाली कॅम्बियम नावाचा पेशींचा एक पातळ जिवंत थर असतो. तो आतल्या बाजूला लाकूड आणि बाहेरच्या बाजूला साल घडवत राहतो. झाड जाड होते ते त्याच्यामुळे आणि जखमेवर ओठ फुटतो तोही त्याच्यातूनच. माडाला हा थर नाही. माड हा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकदल, म्हणजे ज्वारी, ऊस, केळ, बांबू यांच्या गोतावळ्यातला. उसाचे कांडे आडवे कापले तर जसे धाग्यांचे ठिपके सर्वभर विखुरलेले दिसतात, तसेच माडाच्या खोडात दिसतात. अन्नपाणी वाहून नेणारे हे धागे कडेला दाट असतात, मध्यभागी विरळ. म्हणून माडाची बाहेरची बाजू कोयत्याची धार बोथट करण्याइतकी कठीण आणि गाभा मऊ. आंब्याची साल सभोवार गोल सोलून काढली तर तो काही काळाने वाळतो, कारण पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत नेणारी वाटच तुटते. नको असलेले झाड मारण्याची ही जुनी युक्ती आहे. माडावर ती चालत नाही. त्याच्या वाटा एका सालीत गोळा झालेल्याच नाहीत. त्याचे मर्म एकच, ते अगदी वर, शेंड्यातल्या कोंबात. कोंब गेला की माड गेला. खोडाला मात्र पुष्कळ सोसता येते, फक्त सोसलेले पुसता येत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली आणि कळल्यापासून मनातून जात नाही. आंब्याच्या खोडात जिवंत भाग कडेला असतो, दरवर्षी नवा होणारा. मधले जुने लाकूड मृत असते. म्हणजे शंभर वर्षांचा आंबा हा खरे तर मागच्या काही वर्षांच्या जिवंत पेशींनी आपल्याच मृत गाभ्यावर पांघरलेली शाल असतो. माड तसा नाही. त्याच्या बुंध्याजवळच्या ज्या पेशी त्याच्या पाचव्या-सहाव्या वर्षी तयार झाल्या, त्यांतल्या कितीतरी साठाव्या वर्षीही त्याच असतात, जिवंत असतात आणि काम करीत असतात. त्यांची बदली नाही, निवृत्ती नाही. घाव बसतो तो अशा पेशींवर, आणि त्यांच्या जागी दुसऱ्या येणार नसतात.

माडाचे अख्खे खोडच एका अर्थाने खुणांनी घडलेले आहे. साधारण महिन्याला एक अशी नवी झावळ वर येते आणि खाली एक जुनी गळून पडते. ती जिथून सुटते तिथे खोडाला वेढणारी एक चंद्रकोरीसारखी खूण राहते. या खुणा मोजून माडाचे वय अदमासे काढता येते. खुणांमधले अंतर आणि खोडाची जाडी यांवरून त्याला कोणत्या काळात पाणी मिळाले आणि कोणत्या काळात मिळाले नाही हेही वाचता येते, कारण एकदा अरुंद घडलेला भाग पुढे पाणी मिळाले म्हणून रुंद होत नाही. संस्कृतात ‘व्रण’ म्हणजे जखमच. मराठीत आपण तो शब्द मुख्यतः जखम बरी झाल्यावर मागे राहणाऱ्या खुणेसाठी वापरतो. जखम आधी, व्रण नंतर, आणि दोहोंच्या मध्ये भरून येण्याचा काळ. माडाच्या बाबतीत मधला काळच नसल्यामुळे हे दोन्ही अर्थ पुन्हा एक होतात. त्याचा व्रण हीच त्याची जखम. (‘खोड’ या शब्दाविषयीही असेच मनात येते. ते खोड झाडाचे, ती खोड माणसाची. जित्याची खोड मेल्यावाचून जात नाही असे आपण म्हणतो तेव्हा लिंग बदलले तर ते वाक्य माडाच्या खोडावरच्या घावालाही चपखल बसेल. या दोन शब्दांचे मूळ एक आहे असा माझा दावा नाही; वर्गात असले काही बोललो की मुले ती व्युत्पत्ती म्हणून परीक्षेत लिहितात, म्हणून हा खुलासा.)

आपल्या साहित्याने माडाकडे पाहिले ते बहुधा दुरून आणि वरून. झावळ्या, त्यांच्यातून दिसणारा चंद्र, समुद्राकडे झुकलेली रांग, वाऱ्याची सळसळ. खोड म्हणजे त्या चित्रातली एक बारीक काळी रेघ. हे समजण्यासारखे आहे, कारण पाहणारा बोटीतून किंवा एसटीच्या खिडकीतून पाहत होता. खोड हाताला आणि पायाला ठाऊक असते, ते माडावर चढणाऱ्यांच्या. त्यांनी आपल्याकडे फारसे लिहिले नाही.

आता ज्या माडामुळे हे सारे वाचावे लागले त्याच्याविषयी. ३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या आसपास किनाऱ्यावर आले. टाळेबंदीचे दिवस होते; पुण्या-मुंबईची माणसे गावी जाऊ शकत नव्हती, गावचे फोन बंद पडले होते. रायगडच्या दक्षिण भागातल्या आणि दापोली-मंडणगड तालुक्यांतल्या वाड्या त्या एका दुपारीत उघड्या पडल्या. पोफळी मधोमध मोडल्या, माड मुळांसकट उपटले गेले किंवा त्यांचे शेंडे पिळवटले. दापोली तालुक्यात माझे माहेर आहे. तिथे काकू एकट्या राहतात. आमच्या वाडीतल्या पोफळींपैकी निम्म्याहून अधिक गेल्या. माड अकरा होते त्यांतले चार पडले. विहिरीजवळचा माड उभा राहिला, पण शेजारच्या गोठ्याचा उडालेला पत्रा त्याला पश्चिमेच्या, म्हणजे समुद्राच्या बाजूने, माणसाच्या छातीच्या उंचीवर लागला. वीतभर उंच, हातभर लांब आणि चार बोटे खोल असा तिरपा घाव पडला.

त्या वेळी त्याच्याकडे कोणी पाहिले नाही. पंचनामा पडलेल्या झाडांचा होतो. उभे असलेले झाड हे वाचलेले झाड, असा हिशोब असतो, आणि संकटात तो हिशोब चुकीचाही म्हणता येत नाही. श्रावणात काकूंच्या लक्षात आले की घावाच्या खालच्या कोपऱ्यातून तांबूस तपकिरी रस ओघळतो आहे आणि वाळल्यावर त्याचे काळे डाग खोडावर राहत आहेत. त्यांनी फोनवर सांगितले ते असे : “अगं, माड रडतोय.” ही उपमा नव्हती, त्यांना दिसले ते त्यांनी सांगितले. माडाच्या या रोगाला इंग्रजीत जे नाव आहे त्याचा अर्थ ‘खोडाचा रक्तस्राव’ असाच होतो. जखमेतून, भेगेतून एक बुरशी आत शिरते आणि आतला भाग कुजवत नेते. बाहेर ओघळतो तो त्या कुजण्याचा रस. पाऊस, साचलेले पाणी आणि आधीची इजा ही तिची आवडती परिस्थिती. बुरशी नाही आली तर भुंगा येतो. सोंड्या भुंग्याची मादी माडाच्या ताज्या जखमेच्या वासाने येते आणि तिथे अंडी घालते; पुढचे काम अळ्या आतून करतात. खोडाला कान लावला तर त्यांचे कुरतडणे ऐकू येते असे जाणकार सांगतात. आम्ही कान लावला. काही ऐकू आले नाही. भोकांतून चोथा बाहेर पडलेला दिसत नव्हता, आंबूस वासही नव्हता. म्हणजे भुंगा नव्हता.

उपाय सुचवणाऱ्यांची कमतरता नव्हती. एक मत होते सिमेंटचे : पोकळी स्वच्छ करून घट्ट लिंपून टाका, देवळापुढच्या पिंपळाचे केले तसे. हे मत जवळजवळ सर्वमान्य होते आणि तेच सर्वांत घातक होते. माड वाऱ्यात डोलतो, सिमेंट डोलत नाही. दोहोंमध्ये फट पडते, फटीत पाणी जाते आणि ते पाणी बाहेर यायला वाट उरत नाही. वरून मात्र सारे ठाकठीक दिसते. पिंपळाला निदान कडेने ओठ तरी फुटतो. दुसरे मत जाड डांबर फासण्याचे. आपल्याकडच्या जुन्या शिफारशींत डांबर आहेच, तेव्हा त्याला अडाणीपणा म्हणता येणार नाही. पण आत ओल असताना वरून डांबर फासणे म्हणजे ओलीला कुलूप लावणे. तिसरे मत लोखंडी पट्टा आवळण्याचे. यात एक गंमत आहे. आंब्याला तार आवळली तर झाड जाड होते आणि तार त्याच्या अंगात रुतते. माड जाड होतच नसल्याने त्याला पट्ट्याने फास बसत नाही. उंदीर वर जाऊ नयेत म्हणून माडाला पत्र्याचा पट्टा गुंडाळतात तो वर्षानुवर्षे तसाच राहतो. पण पट्ट्याने तुटलेले धागे जुळत नाहीत, आणि तो बसवायला खिळे ठोकावे लागतात, म्हणजे आणखी जखमा.

कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले एक परिचित गृहस्थ दापोलीला राहतात. नवरात्रानंतर, पाऊस ओसरल्यावर ते येऊन पाहून गेले. त्यांचे पहिले वाक्य मला पाठ आहे : “याला बरं करायचं नाहीये. याला कोरडं ठेवायचंय.” मग त्यांनी केले ते असे. कोयत्याच्या उलट्या बाजूने घावाच्या भोवती, वरखाली आणि माडाच्या मागच्या बाजूलाही ठोकून पाहिले. निरोगी जागेचा आवाज भरीव येतो, कुजलेल्या जागेचा पोकळ. पोकळ आवाज जिथे संपला तिथे खडूने रेघ मारली. ती रेघ घावाच्या बाहेर दोन-तीन बोटेच होती, याचे त्यांना समाधान वाटले. मग पटाशीने रेघेपर्यंतचा तपकिरी, मऊ झालेला भाग तासून काढला, अगदी पांढरट, ओलसर, निरोगी धागा लागेपर्यंत आणि त्याच्यापुढे एक टवकाही नाही. खालचा काठ बाहेरच्या बाजूला उतरता केला, म्हणजे पावसाचे पाणी घावात न साचता वाहून जाईल. काढलेला कचरा तिथे न टाकता जाळायला लावला. हे सगळे पाहताना मला सारखे वाटत होते की जखम मोठी होते आहे. ती होतच होती. माडाच्या शस्त्रक्रियेत रुग्णाकडून काहीच परतावा मिळणार नसतो. तासलेला प्रत्येक टवका कायमचा खर्ची पडतो, म्हणून हात राखून तासायचे.

त्यानंतर बोर्डो पेस्ट. शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम कळीचा चुना, एक लिटर पाणी. मोरचूद अर्ध्या पाण्यात वेगळे विरघळवायचे, तेही प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात, कारण लोखंडाशी त्याचे जमत नाही. चुना उरलेल्या पाण्यात वेगळा विझवायचा. मग दोन्ही एकत्र करायचे. लोखंडी सुरी बुडवून पाहायची, पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजायचे. आमच्याकडे पोफळीवरच्या कोळेरोगासाठी याचेच पातळ मिश्रण पिढ्यान्‌पिढ्या फवारले जाते, त्यामुळे काकूंना यात नवे काही नव्हते. नवे होते ते या औषधाचे कुळ. फ्रान्समध्ये बोर्दोच्या परिसरात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर मोरचूद-चुन्याचा हा निळसर राडा मारीत असत तो रोगासाठी नव्हे, वाटसरूंनी द्राक्षे तोडून खाऊ नयेत म्हणून. केवड्याच्या साथीत नेमक्या त्याच वेली तगलेल्या दिसल्या आणि मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८५ च्या सुमारास त्यातून बुरशीनाशक सिद्ध केले. चोरांसाठी केलेली तजवीज रोगाला लागू पडली. ही गोष्ट मी काकूंना सांगितली तेव्हा त्यांनी विचारले, “मग द्राक्षं कोणी खाल्ली?”

बाकीचे सारे जमिनीवरचे. आळ्याची खालची बाजू फोडून पावसाळ्यात पाणी निघून जाईल अशी वाट काढली. वर्षाला पाच किलो निंबोळी पेंड, तिच्यात ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी मिसळून. उन्हाळ्यात पाणी चुकवायचे नाही. पेस्ट दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पुन्हा लावायची. यातल्या कशानेही घाव भरणार नव्हता. हे सगळे घाव आहे तेवढाच राहावा यासाठी होते. दिवाळीपर्यंत ओघळ थांबला.

खरा प्रश्न त्यानंतरचा होता, आणि तो वनस्पतिशास्त्राचा नव्हता. माड पूर्वेकडे किंचित कललेला आहे. पूर्वेला स्वयंपाकघराचे कौलारू छप्पर. घाव पश्चिमेला, म्हणजे झुकलेल्या झाडाला मागून ओढून धरणारी जी बाजू, तिच्यावर. माडाचे बळ बाहेरच्या कठीण वेढ्यात असते हे वर आलेच आहे. त्या वेढ्याचा एक तुकडा गेला होता. काकूंचा मुलगा, आमचा दादा, ठाण्याला असतो. त्याचे म्हणणे स्पष्ट होते : माड तोडायचा. “माड पडतो तेव्हा सांगून पडत नाही. तू रात्री पाणी प्यायला उठशील आणि तेव्हाच तो यायचा,” हे त्याचे काकूंना उद्देशून वाक्य, आणि त्यात अतिशयोक्ती काही नव्हती. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याबाहेरून वर सरकले, त्या रात्री तो झोपला नव्हता हे मला वहिनींनी सांगितले. शहरात राहणारा मुलगा गावच्या झाडावर उठतो, ही कथा आपल्याकडे लिहिली जाते तेव्हा सहानुभूती आपोआप झाडाकडे जाते. मला ते बरोबर वाटत नाही. दादाची भीती ही आईसाठीची भीती होती, आणि आकड्यांच्या भाषेत बोलायचे तर बाजू त्याचीच भक्कम होती.

काकूंनी नाही म्हटले. कारण सांगितले नाही. माहेरवाशिणीला अशा बाबतीत कोणी मत विचारत नाही, तेव्हा मला फक्त पाहता आले. एक गोष्ट मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. त्या माडाचे खोड साधारण घराच्या आढ्याच्या उंचीवर हातभर लांबीत एकदम बारीक झालेले आहे, कंबर आवळल्यासारखे, आणि तिथल्या झावळ्यांच्या खुणा एकमेकींना चिकटून आहेत. त्याच्यावर खोड पुन्हा पूर्वीच्या जाडीचे होते. काका आजारी होते आणि काकू त्यांना घेऊन मुंबईत होत्या ती ही दोन वर्षे. वाडीला शिंपणे झाले नव्हते. खुणा मोजल्या तर वर्षेही जवळजवळ जुळतात. काकूंनी त्या खुणा मोजल्या आहेत की नाहीत ते मी विचारले नाही. रोज विहिरीवर जाताना मान वर केली की तो भाग दिसतो, एवढे खरे.

नारळ पाडायला येणारा गडी वादळानंतर त्या माडावर चढायला तयार नव्हता. त्याचे खोडाविषयीचे ज्ञान आम्हा सर्वांहून अधिक, त्यामुळे हा नकार दादाने पुरावा म्हणून वापरला. पण त्याचे म्हणणे वेगळेच होते. या माडाला पूर्वी कोणीतरी चढण्यासाठी दोन्ही बाजूंनी खाचा पाडल्या आहेत, चाळीसएक तरी असतील. “तायनू, पत्र्यानं एक घाव घातला तो सगळ्यांना दिसला,” तो म्हणाला, “हे घातलेत ते कोणी मोजीत नाही.” त्याची तक्रार योग्य होती. चढण्याच्या सोयीसाठी पाडलेली प्रत्येक खाच ही न भरणारी जखम असते; तिच्यात पाणी साचते, कूज धरते. जिथे दिवसातून दोनतीनदा चढावे लागते त्या माडीच्या माडांवर तर खाचांची शिडीच असते, आणि आता दोरीने किंवा पायात अडकवायच्या यंत्राने चढणे शक्य असूनही खाचा पाडण्याची सवय गेलेली नाही.

आणि हे गावाकडेच आहे असे नाही. आपल्या कितीतरी महाविद्यालयांच्या प्रवेशद्वारापासून कार्यालयापर्यंत बॉटल पामच्या दोन शिस्तबद्ध रांगा असतात. त्यांच्या बुंध्याशी एकदा वाकून पाहावे. हिरवळ कापायच्या यंत्राच्या फिरत्या दोरीने बुंधा सभोवार सोललेला असतो; त्याच्या वर स्नेहसंमेलनाच्या दिव्यांच्या माळांचे खिळे, त्याच्या वर परिषदेच्या फलकाची तार. हेही ताडमाडांच्याच कुळातले झाड. त्याचेही काही भरून येत नाही. बुंध्याभोवती दोन हात जागा गवताशिवाय मोकळी सोडली आणि खिळ्याऐवजी सुतळी वापरली, तर निम्मे नुकसान टळेल. मी आमच्याकडे हे सुचवले होते. ते विचारार्थ घेण्यात आले आहे.

गोव्यात २०१६ साली वृक्षसंरक्षण कायद्यात दुरुस्ती करून माडाला ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळण्यात आले होते, म्हणजे तो तोडायला परवानगीची गरज उरली नाही. त्यावर गोव्यात मोठा गदारोळ झाला आणि पुढे तो बदल मागे घेतला गेला. त्या वेळी माडाला फांद्या नसतात, तो शास्त्रीयदृष्ट्या वृक्ष नव्हेच, असा युक्तिवाद ऐकू येत होता. यातला शास्त्रीय भाग अगदीच निराधार नाही. माडाचे खोड आंब्याच्या अर्थाने लाकूड नाही, हे या लेखातही आलेच आहे. पण त्यातून निघायला हवा होता तो निष्कर्ष नेमका उलटा. ज्या झाडावरचा घाव भरून येतो त्याच्यापेक्षा ज्याचा कधीच भरत नाही त्याच्यावर कुऱ्हाड, खिळा, खाच चालवताना अधिक परवानग्या लागायला हव्यात. शास्त्राचा अर्धा भाग उचलून कायदा करणाऱ्यांनी उरलेला अर्धा वाचला नव्हता.

आमच्या वाडीत शेवटी तडजोड झाली ती अशी. माड राहिला. काकूंनी स्वयंपाकघर उचलून घराच्या उत्तरेच्या खोलीत नेले. पूर्वेच्या खोलीत आता शेणी, लाकडे आणि सोडणे असतात आणि रात्री तिकडे कोणी जात नाही. गवसणीसारखे जाळे शेंड्याला बांधायची दादाची कल्पना गड्याने हसून उडवली. त्याऐवजी वादळाचा हंगाम येण्याआधी नारळ कोवळे असतानाच उतरवून शेंड्याचे ओझे कमी करायचे असे ठरले आणि त्यासाठी तो दोरी लावून, खाचांना पाय न लावता, वर्षातून दोनदा चढायला तयार झाला. हिरव्या झावळ्यांना हात लावायचा नाही ही त्याची अट, आणि ती बरोबर होती. माडाची कमाई तिथूनच येते.

घावाच्या कडेला त्या निवृत्त गृहस्थांनी मारलेली खडूची रेघ पहिल्याच पावसात गेली. मग दादाने तैलरंगाने, खिळा न वापरता, घावाच्या चारी बाजूंना चार ठिपके लावले आणि शेजारी २०२० असे लिहिले. वर्षातून दोनदा, शिमग्याला आणि दिवाळीला, ठिपक्यापासून काठापर्यंतचे अंतर बोटांनी मोजायचे आणि कोयत्याच्या उलट्या बाजूने ठोकून आवाज ऐकायचा. पोकळ आवाज कोणत्याही ठिपक्याबाहेर तीन बोटे गेला तर माड तोडायचा, मग काकूंनी काहीही म्हणो. हे काकूंनीच मान्य केले आहे. त्याच वादळात त्याच वाडीतल्या कलमी आंब्याची एक फांदी फाटली होती. तिच्या जागी आता सालीचा चांगला तीन बोटे जाड ओठ आला आहे. आणखी काही वर्षांनी तिथे काही झाले होते हे सांगावे लागेल.

माडाचे तीन ठिपके जागच्या जागी आहेत. खालचा, जिथून पहिल्यांदा रस ओघळला होता, तिथे गेल्या दिवाळीत आवाज एक बोट बाहेर सरकलेला वाटला. दादाला वाटला, काकूंना वाटला नाही. मी ठोकून पाहिले तेव्हा मला पहिल्यांदा वाटला आणि दुसऱ्यांदा वाटला नाही. त्या गृहस्थांना बोलावून थोडे तासून घेतले, पेस्ट लावली. पुढचे माप शिमग्याला.